डोळ्यांविषयी वाचकांचे प्रश्न : तापानंतर आलेला मोतीबिंदू

गेल्या अंकात वयोपरत्वे येणाऱ्या मोतीबिंदूवर लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांपैकी बऱ्याच पत्रांत एकच शंका वेगवेगळ्या रीतीने विचारली आहे : जिवाणूंमुळे झालेला एखादा जुना आजार, शरीराच्या प्रतिकारशक्तीने आपल्याच अवयवांवर केलेला हल्ला आणि मोतीबिंदू यांचा काही संबंध आहे का? त्यातील पाच पत्रे निवडली आहेत. पत्रलेखकांच्या विनंतीवरून नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : मी कुर्ल्याला राहतो, वय ४४. गेल्या वर्षी जुलैमध्ये पाणी तुंबले तेव्हा स्टेशनपासून घरापर्यंत गुडघाभर पाण्यातून चालत आलो. चपलेच्या पट्ट्याने पायाला जखम झालेली होती. आठ-दहा दिवसांनी थंडी वाजून ताप आला, पोटऱ्या विलक्षण दुखू लागल्या. तपासणीत लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) निघाला आणि उपचारांनी मी पूर्ण बरा झालो. डिसेंबरमध्ये उजवा डोळा लाल झाला, उजेड सहन होईना. डोळे आले असतील असे समजून केमिस्टकडून थेंब आणून घातले. दोन-अडीच महिन्यांत नजर इतकी धूसर झाली की नेत्रतज्ज्ञांनी मोतीबिंदू पिकत आल्याचे सांगितले. डावा डोळा ठीक आहे. आमचा भाचा म्हणतो की लेप्टोच्या जंतूंविरुद्ध तयार झालेल्या अँटीबॉडी माझ्याच डोळ्याच्या भिंगावर उलटल्या. हे खरे आहे का? तसे असेल तर शस्त्रक्रिया करून बसवलेल्या नव्या भिंगावरही त्या उलटतील का?

उत्तर : आपल्या भाच्याने वाचलेले संशोधन खरे आहे, त्यातील बराचसा भाग घोड्यांविषयी आहे, एवढे त्याने आपल्याला सांगितलेले दिसत नाही.

घोड्यांना डोळ्यांचा एक जुनाट आजार होतो. त्यात डोळ्याच्या आतल्या भागाला सूज येते, ती ओसरते, काही आठवड्यांनी पुन्हा येते आणि अशा अनेक आवर्तनांनंतर मोतीबिंदू होऊन घोडा आंधळा होतो. चंद्राच्या कलांप्रमाणे हा आजार येतो-जातो अशा जुन्या समजुतीमुळे इंग्रजीत त्याला ‘मून ब्लाइंडनेस’ हे नाव पडले. त्याच्या कारणांत लेप्टोस्पायरा हा जिवाणू प्रमुख आहे. या जिवाणूच्या अंगावरील एलआरयू-ए आणि एलआरयू-बी या दोन प्रथिनांचा शोध २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे असे दिसले की एलआरयू-ए विरुद्धची प्रतिपिंडे, म्हणजे आपण ज्यांना अँटीबॉडी म्हणतो ती, घोड्याच्या भिंगातील अल्फा-बी क्रिस्टॅलिन आणि व्हायमेंटिन या प्रथिनांनाही जाऊन चिकटतात. चोर शोधायला निघालेल्या शिपायाने चेहऱ्यातील साम्यामुळे घरच्याच माणसाची कॉलर धरावी, तसा हा प्रकार आहे. लेप्टोनंतर डोळ्याला सूज आलेल्या माणसांच्या रक्तातही या दोन जिवाणू-प्रथिनांविरुद्धची प्रतिपिंडे आढळली आहेत. इथपर्यंत भाच्याचे बरोबर आहे.

मात्र प्रयोगशाळेतील नळीत प्रतिपिंड एखाद्या प्रथिनाला चिकटले, म्हणून जिवंत डोळ्यातील भिंग त्याच कारणाने गढूळ झाले असे म्हणता येत नाही. भिंगाला रक्तवाहिन्या नसतात. ते एका पातळ पण चिवट पारदर्शक आवरणात बंदिस्त असते आणि प्रतिपिंडांसारखे मोठे रेणू त्या अखंड आवरणातून सहजी आत जात नाहीत. त्यामुळे ताप आला, प्रतिपिंडे तयार झाली आणि त्यांनी थेट भिंगावर धाड घातली, असा सरळ मार्ग मला तरी पटत नाही. या मार्गावर एक मधले स्टेशन आहे आणि जवळजवळ प्रत्येक रुग्णाची गाडी तिथे थांबून पुढे जाते. त्या स्टेशनाचे नाव यूव्हिआयटिस.

बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा, त्याच्यामागे डोळ्यातील द्रव तयार करणारा भाग आणि दृष्टिपटलाखालचे रक्तवाहिन्यांचे अस्तर, या तिन्ही मिळून झालेल्या थराला यूव्हिया म्हणतात. त्याला दाह होणे म्हणजे यूव्हिआयटिस. दुपारी खिडकीतून घरात कवडसा पडतो आणि एरवी न दिसणारे धुळीचे कण त्यात तरंगताना दिसतात. स्लिट लॅम्प या डोळे तपासण्याच्या यंत्राच्या अरुंद प्रकाशझोतात दाह झालेला डोळा अगदी तसा दिसतो. निरोगी डोळ्याच्या पुढच्या भागातील द्रव पाण्यासारखा नितळ असतो आणि त्यातून जाणारा प्रकाश दिसतही नाही. दाह झाला की रक्तवाहिन्यांतून प्रथिने आणि पांढऱ्या पेशी त्या द्रवात झिरपतात, झोत धुरकट होतो आणि पेशींचे कण वर-खाली फिरताना दिसतात. भिंगाला रक्तपुरवठा नसल्याने त्याचे सारे पोषण याच द्रवावर चालते. द्रव बिघडला की भिंगाची पारदर्शकता ढळू लागते. आपल्या डोळ्यात घडले ते बहुधा असे.

लेप्टोचा डोळ्यांशी असलेला संबंध नवा नाही. ज्यांच्या नावाने या आजाराचे तीव्र रूप ओळखले जाते त्या अडॉल्फ वाइल यांच्या १८८६ च्या वर्णनातही डोळ्यांच्या सुजेचा उल्लेख आहे. भारतात हा विषय ऐरणीवर आला तो १९९३ च्या पुरानंतर मदुराई परिसरात यूव्हिआयटिसचे रुग्ण एकाएकी वाढले तेव्हा. त्या भागातील रुग्णांच्या डोळ्यातून काढलेल्या द्रवात लेप्टोस्पायराचा डीएनए सापडला. याचा अर्थ जिवाणू स्वतः किंवा त्याचे अवशेष डोळ्याच्या आत पोहोचतात. सगळा दोष प्रतिकारशक्तीच्या गैरसमजावर टाकता येत नाही. ताप उतरल्यानंतर काही आठवड्यांनी किंवा बऱ्याच महिन्यांनी डोळा लाल होणे, दाह एकदम जोरात असणे आणि मोतीबिंदू झपाट्याने पिकणे ही या प्रकाराची लक्षणे त्यानंतर नीट नोंदली गेली. जुलैतला ताप आणि डिसेंबरमधला डोळा हे अंतर त्यात चपखल बसते. याच रुग्णांपैकी थोड्यांच्या डोळ्यांत पिकलेला मोतीबिंदू आपोआप विरघळून शोषला गेल्याचेही दिसले आहे. वाचकांनी त्या आशेवर वाट पाहत बसू नये, कारण विरघळलेल्या भिंगाचा राडा डोळ्यात पसरणे ही काही सुखाची गोष्ट नाही.

आता केमिस्टच्या थेंबांविषयी. ती बाटली फेकली नसेल तर नेत्रतज्ज्ञांना अवश्य दाखवा. लेबलावर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन यांपैकी काही लिहिलेले असेल तर ते स्टेरॉइड आहे. आपल्याकडे अँटिबायोटिक आणि स्टेरॉइड एकत्र असलेले थेंब डोळे आल्यावर चिठ्ठीशिवाय सर्रास घेतले जातात. यूव्हिआयटिसवर स्टेरॉइड हेच मुख्य औषध आहे. ते किती वेळा घालायचे, केव्हा वाढवायचे आणि कसे उतरवत न्यायचे हे प्रकाशझोतातील ते कण मोजून ठरते. अंदाजाने दिवसातून दोन-तीन वेळा थेंब टाकले की लाली जाते, दाह मात्र आत धुमसत राहतो. शिवाय स्टेरॉइडनेही मोतीबिंदू होतो आणि डोळ्याचे प्रेशर वाढते. दोन-अडीच महिन्यांत मोतीबिंदू इतका पुढे गेला, यात मला थेंबांपेक्षा दाहाचाच वाटा मोठा दिसतो. तरीही प्रेशर मोजून घ्यावे.

शस्त्रक्रियेची घाई करू नका. डोळा किमान तीन महिने पूर्ण शांत राहिल्यावरच यूव्हिआयटिसनंतरचा मोतीबिंदू काढावा, असा सर्वमान्य संकेत आहे, आणि शस्त्रक्रियेच्या आधीपासून व नंतर काही काळ स्टेरॉइड द्यावे लागते. नवे भिंग ॲक्रिलिकचे असते. त्यात क्रिस्टॅलिन नसते, त्यामुळे कोणतेही प्रतिपिंड त्याला ओळखणार नाही आणि त्यात मोतीबिंदू होणार नाही. भिंगामागे राहिलेले आवरण पुढे गढूळ होऊ शकते, ते लेसरने साफ करतात. दाह मात्र परत येऊ शकतो. डावा डोळा आज ठीक असला तरी त्याचीही बाहुली मोठी करून एकदा तपासणी व्हावी, कारण हा आजार दोन्ही डोळ्यांना होऊ शकतो आणि सुरुवातीला एकच डोळा त्रास देतो.

२६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोची जी साथ आली ती अनेकांना आठवत असेल. तेव्हापासून पायाला जखम असताना तुंबलेल्या पाण्यातून चाललेल्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने डॉक्सिसायक्लिन घ्यावे असे महापालिका दर पावसाळ्यात सांगते. ती गोळी ताप टाळण्यासाठी आहे. झालेला मोतीबिंदू तिने कमी होत नाही, म्हणून आता ती सुरू करण्यात अर्थ नाही.

प्रश्न : मी गिरगावात राहणारी निवृत्त शिक्षिका आहे, वय ६८. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदूची सुरुवात आहे. बाविसाव्या वर्षी मला फुप्फुसाचा क्षय झाला होता आणि पूर्ण उपचार झाले होते. क्षयाच्या जंतूत डोळ्याच्या भिंगासारखेच प्रथिन असते, असे मुलाच्या मित्राने सांगितले. त्यामुळे मला मोतीबिंदू झाला असेल का? भिंगाविरुद्धच्या अँटीबॉडीची रक्तचाचणी करून घ्यावी का?

उत्तर : चाचणी करून घेऊ नका. तिच्या निकालावरून आपल्या उपचारात काडीचाही फरक पडणार नाही. तो का पडणार नाही, हे मात्र सविस्तर सांगण्यासारखे आहे.

जर्मन शास्त्रज्ञ पाउल उलेनहुट यांनी १९०३ मध्ये दाखवले की एका प्राण्याच्या भिंगाविरुद्ध सशात तयार केलेली प्रतिपिंडे इतर जातींच्या प्राण्यांच्या भिंगांनाही ओळखतात, पण त्याच प्राण्याच्या इतर अवयवांना ओळखत नाहीत. त्यावरून एक सुटसुटीत कल्पना रूढ झाली. भिंग गर्भावस्थेतच आवरणात बंद होते, शरीराच्या पहारेकऱ्यांना ते कधी दिसतच नाही, आणि म्हणून पुढे कधी आवरण फाटले तर शरीर त्याला परके समजून त्याच्यावर तुटून पडते. १९२२ मध्ये अमेरिकेतील व्हर्होफ आणि लेमोइन यांनी भिंगाच्या इजेनंतर होणाऱ्या तीव्र दाहाचे वर्णन याच धर्तीवर केले आणि तो आजार खरोखर असतो. परंतु पुढे दोन गोष्टी लक्षात आल्या. भिंगाविरुद्धची प्रतिपिंडे डोळे ठणठणीत असलेल्या माणसांच्या रक्तातही थोड्या प्रमाणात असतात. आणि अल्फा-बी क्रिस्टॅलिन हे भिंगातले प्रथिन हृदय, स्नायू आणि मेंदू यांतही असते. शरीराला ते अगदीच अनोळखी नाही. आपली चाचणी ‘पॉझिटिव्ह’ आली तरी तिचा अर्थ लावता येणार नाही, तो यामुळे.

क्षयाच्या जंतूविषयी मुलाच्या मित्राने सांगितले ते बरोबर आहे. १९८२ मध्ये फळमाशीवरील अभ्यासातून कळले की उष्णतेच्या तडाख्यात पेशींचे रक्षण करणारी काही लहान प्रथिने आणि आपल्या भिंगातील अल्फा क्रिस्टॅलिन ही एकाच कुळातील आहेत. क्षयजंतूचे १६ किलोडाल्टनचे (किलोडाल्टन हे रेणूच्या वजनाचे माप) प्रथिन आणि कुष्ठरोगाच्या जंतूचे १८ किलोडाल्टनचे प्रथिन हीसुद्धा त्याच कुळातली. प्राणवायू कमी असलेल्या जागी क्षयजंतू वर्षानुवर्षे निपचित पडून राहतो तेव्हा हे १६ किलोडाल्टनचे प्रथिन तो मोठ्या प्रमाणात तयार करतो. पण आडनाव एक म्हणून माणसे एक होत नाहीत. या प्रथिनांचा मधला गाभा सारखा असतो, बाकीची रचना बरीच वेगळी. या साम्यातून क्षयरोग्यांना मोतीबिंदू होतो, असे सिद्ध झालेले नाही. क्षयामुळे डोळा बिघडतो तो यूव्हिआयटिसच्या वाटेने, आणि तसे काही झाले असते तर लाल डोळा, दुखणे, डोळ्यांपुढे तरंगणारे ठिपके यांनी ते आपल्याला गेल्या ४६ वर्षांत कधीतरी जाणवले असते.

आपल्या मोतीबिंदूचे कारण त्याच अल्फा क्रिस्टॅलिनच्या नोकरीत सापडते. १९९२ मध्ये जोसेफ हॉरविट्झ यांनी दाखवले की हे प्रथिन इतर प्रथिनांना सांभाळून धरते : उन्हाने, साखरेने किंवा वयाने एखादे प्रथिन विस्कटू लागले की ते त्याला कवेत घेते आणि गुठळी होऊ देत नाही. भिंगाच्या मध्यभागातील प्रथिने आपण जन्मायच्या आधी तयार झालेली असतात आणि ती जन्मभर तीच राहतात. सांभाळणाऱ्याचा साठा ठरलेला, सांभाळायचे ओझे मात्र दरवर्षी वाढणारे. साठा अपुरा पडू लागला की गुठळ्या होतात, प्रकाश विखुरतो आणि समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्याभोवती रात्री वलय दिसू लागते. वाचन आणि रस्ता ओलांडणे यांत अडचण येऊ लागली की शस्त्रक्रिया करून घ्यावी. तोवर चष्म्याचा नंबर तपासत राहिले तरी पुरे.

सध्या क्षयाचे उपचार चालू असलेल्या वाचकांसाठी एक गोष्ट. एथॅम्ब्युटॉल या गोळीमुळे काही जणांच्या दृष्टिमज्जेला, म्हणजे डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेला, इजा होते. रंग फिके दिसणे, विशेषतः लाल-हिरव्यातील फरक न कळणे किंवा नजर एकाएकी कमी होणे, ही त्याची लक्षणे आहेत. त्याला मोतीबिंदू समजून घरी बसू नये, त्याच दिवशी डॉक्टरांना सांगावे.

प्रश्न : लालबागला राहतो, वय २९. तीन वर्षांपासून सकाळी उठताना कंबर आखडते. एचएलए-बी२७ पॉझिटिव्ह आहे. आतापर्यंत दोनदा डोळा लाल होऊन दुखला, त्यांपैकी एकदा जुलाबाच्या आजारानंतर. हे पोटातल्या जंतूंमुळे होते का आणि मला लवकर मोतीबिंदू होईल का?

उत्तर : एचएलए-बी२७ हे जनुक आणि कंबर आखडवणारा मणक्याचा हा आजार (अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस) यांचा संबंध १९७३ मध्ये उघड झाला. साल्मोनेला, शिगेला, यर्सिनिया, कँपिलोबॅक्टर हे आतड्यांतील आणि क्लॅमिडिया हा मूत्रमार्गातील जिवाणू या जनुकाच्या माणसांत सांधे आणि डोळे यांना दाह सुरू करून देऊ शकतात, हे पक्के आहे. क्लेबसिएला या जिवाणूच्या प्रथिनाचे बी२७ शी साम्य असल्याने मणक्याचा आजार होतो, असा एक सिद्धांत लंडनमधील संशोधकांनी मांडला. त्यावर वाद अजून मिटलेला नाही. आपला जुलाबानंतरचा झटका या चौकटीत बसण्यासारखा आहे, पण तो योगायोगही असू शकतो. म्हणून पोटासाठी अँटिबायोटिक घेत राहणे चुकीचे ठरेल.

मोतीबिंदू एका-दोन झटक्यांनी होत नाही. वारंवार झटके आले आणि ते अर्धवट उपचारांवर सोडले तर होतो. त्याआधी दुसरेच एक नुकसान होते. दाहातील चिकट द्रवामुळे बाहुलीची कडा मागच्या भिंगाला चिकटते. मग बाहुली मोठी करणारे थेंब घातले की ती गोल न उघडता जागोजागी अडकते आणि पाकळ्या असलेल्या फुलासारखी दिसते. झटक्याच्या पहिल्या एक-दोन दिवसांत आलात तर थेंबांनी ही चिकटण बहुधा सुटते. आठवड्याने आलात तर सुटेलच असे नाही. म्हणून डोळा लाल झाला, उजेड खुपू लागला की त्याच दिवशी या, रविवार असला तरी. संधिवाततज्ज्ञांकडे चालू असलेल्या औषधांची चिठ्ठी सोबत आणावी, कारण त्यांतील काही औषधांनी डोळ्याचे झटके कमी होतात आणि काहींनी विशेष फरक पडत नाही.

प्रश्न : माझी मुलगी सात वर्षांची आहे. आम्ही मुलुंडला राहतो. तिचा गुडघा वर्षभर सुजलेला होता, आता औषधांनी बरा आहे. डोळे अगदी पांढरेशुभ्र, ती कसलीच तक्रार करत नाही, तरी डॉक्टर दर तीन महिन्यांनी डोळे तपासायला पाठवतात. सासूबाईंना ही तपासणी अनावश्यक वाटते. स्टेरॉइडने मोतीबिंदू होतो असेही ऐकले आहे.

उत्तर : आपल्या सासूबाईंना कृपया हे उत्तर वाचून दाखवा. लहान मुलांच्या या संधिवातात होणारा यूव्हिआयटिस गुपचूप येतो. डोळा लाल होत नाही, दुखत नाही, आणि सात वर्षांचे मूल एका डोळ्याने अंधुक दिसते असे आपणहून कधीच सांगत नाही. शाळेत फळा दिसत नाही म्हणून आणलेल्या मुलांत बुबुळावर पांढरा पट्टा, चिकटलेली बाहुली आणि मोतीबिंदू तिन्ही एकदम सापडतात, तेव्हा फार उशीर झालेला असतो. कमी वयात, थोड्याच सांध्यांना झालेला आजार आणि रक्तात एएनए (स्वतःच्याच पेशींच्या केंद्रकांविरुद्धची प्रतिपिंडे) पॉझिटिव्ह असलेल्या मुलींना हा धोका सर्वांत जास्त असतो. गुडघा बरा झाला म्हणून डोळ्याचा धोका टळत नाही. तीन महिन्यांचे अंतर याच हिशेबाने ठरलेले आहे.

हा आजार कोणत्या जंतूमुळे होतो असे मात्र दाखवता आलेले नाही. ज्यांना प्रत्येक स्वयंप्रतिकार आजारामागे जंतू शोधण्याची हौस असते त्यांनी हे ध्यानात ठेवावे.

स्टेरॉइडविषयी आपण ऐकले ते खरे आहे. संधिवातासाठी दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्यांत भिंगाच्या मागच्या पृष्ठाशी मोतीबिंदू होतो, हे १९६० मध्येच प्रसिद्ध झाले. पण दाह तसाच सोडला तरी मोतीबिंदू होतोच, आणि त्याच्यासोबत इतर बरेच काही बिघडते. म्हणून थेंब कमीत कमी मात्रेत ठेवून मेथोट्रेक्सेट आणि गरज पडल्यास अडॅलिम्युमॅब या प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या औषधांच्या मदतीने दाह आवरतात. थेंब मनाने बंद करू नका.

प्रश्न : बोरिवलीहून लिहीत आहे. वडिलांची (वय ७४) मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आठ महिन्यांपूर्वी झाली. पहिले तीन महिने छान दिसत होते. मग डोळा किंचित लाल, नजर धूसर. थेंब सुरू केले की बरे वाटते, कमी केले की पुन्हा तेच, असे तीनदा झाले. एका डॉक्टरांच्या मते भिंगाचे कण आत राहिल्याने शरीर त्यांच्याशी झगडत आहे. दुसरे म्हणतात की जंतू आहेत. इतक्या महिन्यांनी जंतू कुठून येणार?

उत्तर : दोघांच्याही म्हणण्यात तथ्य असू शकते. या अंकातील विषयाचे सर्वांत अवघड उदाहरण आपल्या वडिलांच्या डोळ्यात आहे.

शस्त्रक्रियेनंतर काही दिवसांतच होणारा जंतुसंसर्ग उग्र असतो. वेदना, पू, नजर जाणे हे सारे झपाट्याने घडते. दुसरा प्रकार अगदी संथ असतो. मुरुमांशी ज्याचे नाव जोडलेले आहे तो क्युटिबॅक्टेरियम अॅक्नेस हा जिवाणू, ज्याला पूर्वी प्रोपिओनिबॅक्टेरियम म्हणत, आपल्या पापण्यांच्या कातडीवर एरवीही नांदत असतो. शस्त्रक्रियेच्या वेळी तो कधी नव्या भिंगासोबत मूळ आवरणाच्या पिशवीत शिरतो. तिथे प्राणवायू कमी, प्रतिकारपेशींची ये-जा कमी आणि भिंगाचे उरलेले कण शेजारी, अशी त्याच्या सोयीची जागा त्याला मिळते. तो फार हळू वाढतो. आठवडे, महिने गेल्यावर सौम्य दाह दिसू लागतो, तो स्टेरॉइडने दबतो आणि थेंब उतरवले की डोके वर काढतो. आपण लिहिलेली तीन आवर्तने हुबेहूब अशीच आहेत. १९८६ मध्ये या संसर्गाचे स्वतंत्र वर्णन झाले. त्याआधी असे किती डोळे ‘भिंगाशी शरीराचे वैर’ या सदरात टाकले गेले असतील, असा प्रश्न माझ्या मनात नेहमी येतो.

भिंगाच्या कणांशी होणारा खरा दाहही असतो, विशेषतः गाभ्याचा तुकडा मागे पडला असेल तर. आणि हे दोन आजार एकमेकांपासून पूर्ण वेगळे आहेत असेही नाही. भिंगाविरुद्धचा दाह प्राण्यांमध्ये मुद्दाम निर्माण करायचा तर भिंगाच्या प्रथिनासोबत मारलेले क्षयजंतू असलेले मिश्रण टोचतात आणि नंतर भिंगाला इजा करतात. प्रतिकारशक्तीला चेतवायला तिथे जिवाणूचा अंश हाताशी लागतो. जिवाणू, स्वयंप्रतिकार आणि भिंग हे तिन्ही जिथे खरोखर एकत्र आलेले दिसतात अशी जागा मला तरी हीच वाटते : आवरण उघडलेले, कण मोकळे आणि शेजारी जिवाणू.

आता काय करावे ते सांगतो. बाहुली पूर्ण मोठी करून आवरणाच्या मागच्या भागावर पांढरट थर दिसतो का, हे नेत्रतज्ज्ञांनी पाहावे; तो दिसला तर संशय बळावतो. मागे गाभ्याचा तुकडा राहिला आहे का, हे दृष्टिपटलाच्या तज्ज्ञांकडून तपासून घ्यावे, गरज पडल्यास सोनोग्राफी करावी. तोवर आवरणाला लेसर करून घेऊ नये, कारण पिशवीत अडकलेले जिवाणू लेसरनंतर मागच्या भागात पसरल्याची उदाहरणे आहेत. संसर्ग ठरला तर डोळ्यात व्हॅन्कोमायसिनचे इंजेक्शन देतात. पुष्कळदा तेवढ्याने भागत नाही आणि मागचा द्रव व आवरणाचा काही भाग शस्त्रक्रियेने काढावा लागतो. हट्टी संसर्गात बसवलेले भिंगही काढावे लागते. दाह केवळ भिंगाच्या कणांचा असेल तर ते कण काढून स्टेरॉइड दिल्यावर डोळा शांत होतो.

डोळ्यातील द्रव तपासणीला पाठवतील तेव्हा एक गोष्ट आपण स्वतः लक्षात ठेवून विचारा. हा जिवाणू प्राणवायूविना आणि अतिशय सावकाश वाढतो. नेहमीच्या पद्धतीप्रमाणे नमुना चार-पाच दिवस ठेवून ‘वाढ नाही’ असा रिपोर्ट दिला गेला तर तो चुकीचा असू शकतो. नमुना प्राणवायूविरहित वातावरणात निदान दोन आठवडे ठेवावा, अशी सूचना मागणीपत्रावर डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि शक्य असेल तर त्याच नमुन्याची पीसीआर (जिवाणूचा डीएनए शोधणारी) तपासणीही सांगा.